मंडळीतला प्रौढांचा अभ्यासवर्ग : पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

मंडळीत, म्हणजे एकत्र उपासना करणाऱ्या समुदायात, प्रौढांसाठी अभ्यासवर्ग सुरू करायचा ठरला की पहिला प्रश्न हमखास येतो : शिकवणार कोण? हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. आत्मिक वाढीच्या वर्गाला मोठी माणसं माहितीसाठी क्वचितच येतात. ती प्रवचनातून मिळतच असते. मनातलं बोलायला जागा, ऐकून घेणारी चार माणसं आणि विचार भरकटू न देणारा एखादा मजकूर, एवढ्यासाठी ती येतात. म्हणून आखणी करताना एकच हिशोब सतत समोर ठेवायचा : प्रत्येकाच्या वाट्याला बोलायची किती मिनिटं येणार? परंपरा कोणतीही असो, पुढच्या बहुतेक सूचना याच हिशोबातून निघतात.

विषय अरुंद घ्या

अशा वर्गांचे ढोबळ प्रकार पाच. धर्मग्रंथातला किंवा दुसरा एखादा मजकूर मिळून वाचणं. ध्यान, मौन, प्रार्थना यांचा सराव. स्वतःच्या श्रद्धेचा प्रवास लिहून काढणं. नव्याने येणाऱ्यांना परंपरेची ओळख करून देणं. आणि आयुष्याच्या एखाद्या टप्प्यावरचा वर्ग, म्हणजे निवृत्ती, आजारपण, वृद्ध आईवडिलांची काळजी, जवळच्या माणसाचा मृत्यू.

पहिला वर्ग मजकूर वाचण्याचा घ्या. चर्चा भलतीकडे गेली तर "पुन्हा चौथ्या ओळीकडे येऊ या" म्हणायची सोय असते. मतभेद झालाच तर तो मजकुरावरून होतो, शेजारी बसलेल्या माणसावरून होत नाही. शोकगट मात्र पहिल्याच खेपेला हाती घेऊ नका. नुकतंच कुणी गमावलेल्या सात-आठ जणांना एकत्र बसवणं हे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाचं काम आहे. तिथे नुसता चांगुलपणा पुरत नाही.

विषय जेवढा मोठा, तेवढी चर्चा पातळ. 'क्षमा' हा विषय सहा सत्रांत हाती लागत नाही. 'ज्याने माफी मागितलेलीच नाही त्याला क्षमा करायची म्हणजे नेमकं काय करायचं?' हा लागतो. विषय प्रश्नाच्या रूपात एका वाक्यात लिहून बघा. ते वाक्य ऐकून समोरच्याला लगेच काहीतरी बोलावंसं वाटलं, तर विषय जमला.

पक्कं करण्याआधी मंडळीतल्या दहा जणांना एकेकटं गाठून बोला. "कोणता विषय आवडेल?" असं विचारलंत तर भिडेखातर सगळे छानसं काहीतरी सांगतील आणि येणार कुणी नाही. त्यापेक्षा दोन प्रश्न विचारा : सध्या कशाबद्दल मनात उलटसुलट चालू आहे? आणि आठवड्यातल्या कोणत्या वेळा तुम्हाला अजिबात जमणार नाहीत? पहिल्यातून विषय निघतो, दुसऱ्यातून वार. खरं सांगायचं तर वर्गाला कोण येणार हे विषयापेक्षा वारावरच जास्त ठरतं.

माणसं किती, सत्रं किती

आठ ते बारा माणसं. लहान गटाची ही रीत बरीच जुनी आहे. इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या अनुयायांचे, म्हणजे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे 'क्लास' १७४२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलला सुरू झाले ते साधारण बारा-बारा जणांचे. गंमत म्हणजे मूळ हेतू होता उपासनागृहाचं कर्ज फेडण्यासाठी दर माणशी आठवड्याला एक पेनी गोळा करण्याचा. पैसे आणायला घरोघर जाणाऱ्या गटप्रमुखांना लोकांच्या अडचणी, व्यसनं, भांडणं दिसू लागली आणि वसुलीतून एकमेकांची आत्मिक विचारपूस सुरू झाली. स्वीडनमध्ये १९०२ साली ऑस्कर ओल्सन यांनी लुंडला सुरू केलेलं अभ्यासमंडळ हा धार्मिक उपक्रम नव्हता, पण तिथेही व्याख्यात्याऐवजी छोटा गट, पुस्तक आणि चर्चा हीच पद्धत होती.

आता मिनिटांकडे बघा. दहा जणांना तीन-तीन मिनिटं दिली की अर्धा तास होतो. सोळा जणांना दिली की ४८ मिनिटं, म्हणजे ९० मिनिटांच्या सत्रातला निम्म्याहून जास्त वेळ एका फेरीतच संपला. नावं पंधरावर गेली तर सरळ दोन गट करा. "सगळे एकत्र असलेलं बरं" असं कुणीतरी म्हणेलच, ऐकू नका. नावनोंदणी चौदापर्यंत घ्यायला हरकत नाही, कारण शेवटच्या सत्रापर्यंत थोडी गळती होतेच. सहाच्या खाली गट गेला की प्रत्येकावर सतत बोलायचं दडपण येतं, आणि दोघं आली नाहीत की सत्रच बसतं.

सत्रं सहा, आठवड्याला एक. चार सत्रांत एकमेकांवर विश्वास बसेपर्यंत वर्ग आटोपतो. दहा सत्रांचं वचन द्यायला लोक कचरतात. पंधरवड्याचं अंतर सोयीचं वाटतं, पण त्यात एक सत्र चुकलं की दोन भेटींमध्ये महिना जातो आणि माणूस परत येत नाही. दुसऱ्या सत्रानंतर नवीन माणूस घेऊ नका, मग तो कितीही जवळचा असो. त्याचं नाव पुढच्या फेरीसाठी लिहून ठेवा.

दोघांनी मिळून घ्या

एकाने मजकूर आणि चर्चा सांभाळायची, दुसऱ्याने माणसं आणि घड्याळ. एकटा माणूस बोलणाऱ्याकडे लक्ष देत असतो तेव्हा कोपऱ्यातली बाई तीन वेळा तोंड उघडून मिटते, हे त्याला दिसत नाही. शिवाय कुणी मधेच उठून बाहेर गेलं तर मागे जायला माणूस लागतो. दोघंही एकाच घरातली, एकाच पिढीतली नसावीत. प्रत्येक सत्रानंतर दहा मिनिटं थांबून आपसात तीन गोष्टी बोला : कोण बोललं नाही, वेळ कुठे गेला, पुढच्या वेळी काय गाळायचं.

जाहिरातीत फार जीव घालू नका. पत्रकात वर्गाचा प्रश्न, सहाही तारखा, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, घरी करायचा अभ्यास किती, आणि 'हा समुपदेशनाचा वर्ग नाही' अशी एक ओळ असली की झालं. 'सर्वांचं स्वागत' या वाक्याने कुणी येत नाही. नाव घेऊन दिलेल्या आमंत्रणाने येतात. फी ठेवलीत तर ज्याला परवडत नाही त्याने एका माणसाला गुपचूप सांगितलं की पुरे, अशी व्यवस्था हवी.

खोली

खुर्च्या गोलात आणि मोजून. जास्तीच्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवा, नाहीतर लोक एकेक सोडून बसतात आणि गोलाला भोकं पडतात. मधे टेबल नको; जोड्यांनी वाचन करायचं असेल तेवढंच छोटी टेबलं. खिडकीकडे पाठ करून कुणाला बसवू नका. मागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो, आणि कमी ऐकू येणाऱ्यांना ओठांवरून समजून घेता येत नाही. मजकूर १६ पॉइंटच्या अक्षरात छापा, ओळींना आकडे घाला.

दोघा संयोजकांनी समोरासमोर बसावं, म्हणजे नजरेने खुणा करता येतात. घड्याळ अशा भिंतीवर हवं की तुम्हाला मान न वळवता दिसेल. तुम्ही मनगटाकडे पाहिलंत की बोलणारा अर्ध्यावर थांबतो. भरपूर बोलणाऱ्या माणसाला आपल्या शेजारी बसवा आणि गप्प राहणाऱ्याला समोर : बोलायचा इशारा नजरेतून जातो, आणि शेजारच्याशी नजरानजर कमी होते.

लहान मुलांच्या आईवडिलांना यायचं असेल तर मुलांना सांभाळायची सोय त्याच इमारतीत करा. तिथे कायम किमान दोन मोठी माणसं असावीत, एकटं कुणीही नको.

पहिलं सत्र : आपसातले नियम

पहिल्या सत्रात मजकूर अर्धाच घ्या. उरलेला वेळ ओळखीला आणि नियमांना. नियम तुम्ही वाचून दाखवण्यापेक्षा गटाकडून काढून घेतलेले टिकतात, पण पुढचे पाच त्यात आलेच पाहिजेत. इथे ऐकलेली दुसऱ्याची गोष्ट बाहेर जाणार नाही. 'मी' वरून बोलायचं. 'लोकांना असं वाटतं' नको. न मागता सल्ला द्यायचा नाही. आपली पाळी आली तरी 'मी पास' म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे. आणि वेळेवर सुरू, वेळेवर बंद.

गुप्ततेच्या नियमाला अपवाद असतात आणि ते पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा : कुणी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असल्याचं बोललं, किंवा एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं, तर संयोजक गप्प बसणार नाहीत. अशा वेळी कुणाला कळवायचं हे मंडळीच्या प्रमुखांशी वर्ग सुरू होण्याआधीच ठरवून कागदावर लिहून ठेवा. त्या क्षणी शोधाशोध करायला लागू नये.

नव्वद मिनिटं कशी जातात

पहिली पाच मिनिटं शांत बसणं. उशिरा येणारे याच वेळात येऊन जातात, म्हणून शांततेनंतर दार लोटून घ्या. पुढची पंधरा मिनिटं खुशालीची फेरी, माणशी दीड मिनिट. इथेच सर्वांत जास्त वर्ग फसतात. पहिल्या माणसाने सहा मिनिटं घेतली की प्रत्येक जण तेवढीच घेतो, आणि मजकुराला हात लागेपर्यंत तास संपतो. उपाय सोपा : फेरी संयोजकाने स्वतः सुरू करायची आणि दीड मिनिटातच थांबायचं. तुमचा नमुना पाहून बाकीचे माप घेतात. प्रश्नही आवळलेला ठेवा. "कसे आहात?" नको, "गेल्या आठवड्यात कधी मन शांत होतं?" असं काहीतरी.

नंतर दहा मिनिटं वाचन, दहा मिनिटं जोडीने बोलणं, पस्तीस मिनिटं सगळ्यांची चर्चा, दहा मिनिटं स्वतःपुरतं लिहिणं, आणि शेवटची पाच समारोपाला. जोडीचा भाग गाळायचा मोह होतो. गाळू नका. दहा मिनिटांच्या जोडीत प्रत्येकाला पाच मिनिटं मिळतात, आणि पाच जोड्या एकाच वेळी बोलतात. तेवढंच बोलणं मोठ्या गोलात करायचं तर पन्नास मिनिटं लागतील. शिवाय जो जोडीदाराशी एकदा बोलला, तो मोठ्या गटातही बोलतो.

वेळ कमी पडला तर चर्चा कापा, लिहिणं ठेवा. समारोपाला नवा विषय नको : एकेक शब्द किंवा एखादी ओळ, आणि उठायचं. चर्चा रंगली म्हणून पंधरा मिनिटं वाढवलीत की ज्यांना निघणं भाग आहे ते अपराधी वाटून घेतात आणि पुढच्या आठवड्यात येत नाहीत.

वाचायच्या दोन रीती

एक सावकाश, एक भांडकुदळ. दोन्ही शिकून घ्या.

सावकाश रीत ख्रिस्ती मठांतली, लेक्शिओ दिविना. बाराव्या शतकातल्या ग्विगो दुसरा या, कार्थुसियन नावाच्या मठसंघातल्या संन्याशाने तिच्या चार पायऱ्या मांडल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि निःशब्द चिंतन. गटात ती अशी करा. आठ ते बारा ओळींचा उतारा घ्या. तो तीन वेळा, तीन वेगळ्या आवाजांत मोठ्याने वाचा, आणि प्रत्येक वाचनानंतर पूर्ण दोन मिनिटं शांत राहा. पहिल्या वाचनानंतर प्रत्येकाने अडकलेला एक शब्द फक्त उच्चारायचा. दुसऱ्यानंतर, तो शब्द आपल्या आयुष्यात कुठे लागतो ते दोन वाक्यांत. तिसऱ्यानंतर, यातून आपल्याकडून काय मागितलं जातंय ते. मधे चर्चा नाही. यासाठी वीसेक मिनिटं लागतात, तेव्हा त्या दिवशी जोडीचा भाग याच्यात जातो. लोक दोन मिनिटांच्या शांततेने अस्वस्थ होतात आणि तुम्हीही व्हाल. घड्याळ लावून बसा आणि मधे बोलू नका.

दुसरी रीत ज्यू परंपरेतली, हव्रुता. दोघं समोरासमोर, मधे मजकूर. एकाने एक वाक्य मोठ्याने वाचायचं आणि त्याचा अर्थ सांगायचा, दुसऱ्याने विचारायचं, "हे कुठल्या शब्दावरून म्हणतोस?" पटलं नाही तर हटकायचं. उत्तर मजकुरातूनच द्यावं लागतं. खोलीत कल्ला होतो आणि तो व्हायलाच हवा. जोड्या तुम्ही लावा. नवराबायकोची जोडी लावू नका. त्यांचं बोलणं मजकूर सोडून घरी जातं.

अख्खा ग्रंथ संपवायची हौस दोन्ही रीतींत सोडा. १९२३ साली सुरू झालेल्या 'दफ योमी' या उपक्रमात तालमूद या ज्यू धर्मग्रंथाचं रोज एक पान वाचतात, तरी २,७११ पानांना जवळपास साडेसात वर्षं लागतात. तुमच्याकडे सहा सत्रं आहेत. सहा उतारे पुष्कळ झाले.

प्रश्न

प्रत्येक सत्राला तीन प्रश्न लिहून न्या आणि त्यातले दोनच वापरले जातील असं धरा. पहिला मजकुराबद्दल, दुसरा स्वतःच्या अनुभवाबद्दल, तिसरा कृतीबद्दल. ज्याचं उत्तर तुम्हाला आधीच ठाऊक आहे तो प्रश्न विचारू नका. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींमध्ये एखाद्याला निर्णयात मदत करायला जी छोटी समिती बसते, तिचा मुख्य नियम हाच असतो. "तुला नाही का वाटत, की आता बोलून टाकावं?" हा प्रश्नचिन्ह लावलेला सल्ला झाला. "बोलायचं ठरवलंस तर पहिलं वाक्य काय असेल?" हा प्रश्न झाला.

प्रश्न टाकल्यावर थांबा. अमेरिकेत मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात शाळांमधल्या वर्गांचं निरीक्षण करून दाखवलं की शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंद थांबतात, आणि तेच तीन सेकंद थांबले की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. मोठ्या माणसांना, तेही असल्या प्रश्नावर, तीन सेकंद पुरत नाहीत. मनातल्या मनात दहा मोजा. सातव्या-आठव्या आकड्याला कुणीतरी बोलतंच. नाही बोललं तर प्रश्न दुसऱ्या शब्दांत मांडू नका, तोच पुन्हा म्हणा.

घरी करायचं

रोज दहा मिनिटं, त्याहून जास्त काही सांगू नका. सोळाव्या शतकात लोयोलाच्या इग्नेशियसने, म्हणजे जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या संस्थापकाने, घालून दिलेला दिवसाचा आढावा सरावाला सोपा आहे : दिवसाबद्दल कृतज्ञता, नीट दिसावं म्हणून मागणं, दिवस तासातासाने आठवणं, जिथे चुकलो ते कबूल करणं, उद्याकडे पाहणं. देवावर श्रद्धा नसलेल्या सदस्यांनाही दुसरी पायरी 'स्वतःशी खरं बोलायची तयारी' अशी घेता येते. सुरुवातीला सगळे पाचव्या दिवशी थांबतात. पुढच्या सत्रात "किती दिवस जमलं?" विचारू नका, हजेरी घेतल्यासारखं वाटून लोक खोटं सांगतात. "कोणत्या पायरीवर अडलात?" विचारा.

कुठे बिघडतं

एकटाच बोलणारा प्रत्येक गटात असतो. त्याला सगळ्यांसमोर टोकू नका. तो श्वास घ्यायला थांबला की "थांबवतो तुम्हाला, हा मुद्दा धरून ठेवतो. ज्यांचं अजून ऐकलेलं नाही त्यांच्याकडे जाऊ या" एवढं म्हणा, आणि हे पहिल्याच सत्रात म्हणा. तिसऱ्यापर्यंत सवय झालेली असते. तरी फरक पडला नाही तर सत्रानंतर बाजूला घेऊन मदत मागा : "गप्प बसणारे दोघं बोलते व्हायला हवेत, तुम्ही सगळ्यात शेवटी बोलाल का?" बहुतेक जण आनंदाने तयार होतात.

सल्ला देणारा त्याहून अवघड, कारण त्याचा हेतू चांगला असतो. कुणी मुलाशी अबोला असल्याचं सांगितलं की लगेच येतं, "तुम्ही एकदा फोन करून बघा ना." सांगणाऱ्याने तो दहा वेळा केलेला असतो. तिथल्या तिथे नियमाची आठवण द्या आणि सांगणाऱ्यालाच विचारा, "तुम्हाला आत्ता प्रतिसाद हवाय, की आम्ही फक्त ऐकावं?"

कुणी रडलं तर घाई करू नका. रुमालांचा डबा सगळ्यांच्या हाताशी ठेवा, पण उचलून त्या माणसाच्या हातात देऊ नका; 'आता पुरे' असा त्याचा अर्थ होतो. थोडं थांबून विचारा, पुढे बोलायचंय की थोडा वेळ हवाय. मग गट पुढे न्या. जोडीच्या संयोजकाने सत्रानंतर त्या माणसाजवळ थांबावं आणि गरज वाटली तर धर्मगुरूंची किंवा समुपदेशकाची भेट सुचवावी.

धर्मगुरू स्वतः वर्गाला बसले तर माना त्यांच्याकडे वळतात आणि चर्चा 'बरोबर उत्तर काय?' वर येते. त्यांना पहिल्या सत्रात स्वागताला बोलवा आणि शेवटच्या सत्रात ऐकायला. मधे नकोत.

आणि संयोजकच प्रवचन देऊ लागतो, हे सगळ्यात जास्त वेळा होतं. तयारी खूप केली की ती वाया जाऊ द्यायला जीव होत नाही. जोडीदाराला सांगून ठेवा : सलग चार मिनिटांवर गेलो की कागद खाली ठेवायचा, ही खूण.

काही जण खोलीत आणि काही पडद्यावर, असा मिश्र वर्ग पहिल्या खेपेला टाळा. पडद्यावरच्यांना कुजबुज ऐकू येत नाही, खोलीतल्यांना त्यांचा विसर पडतो. एकतर सगळे समोर, नाहीतर सगळे ऑनलाइन. ऑनलाइन असेल तर माणसं आठच आणि वेळ ७५ मिनिटं.

तिसऱ्या सत्रानंतर

अभिप्राय शेवटी मागून उपयोग नसतो, तेव्हा दुरुस्ती करायला वर्गच उरत नाही. तिसऱ्या सत्राच्या शेवटी चिठ्ठ्या वाटा, नाव न लिहिता : काय चालू ठेवू, काय थांबवू, मला बोलायला पुरेसा वेळ मिळतो का? तिसऱ्या प्रश्नाला तीन 'नाही' आले तर चौथ्या सत्रात चर्चेची दहा मिनिटं जोड्यांना द्या. एखादा सत्र चुकवतो तेव्हा दुसऱ्याच दिवशी फोन करा. कारण विचारू नका, पुढचा उतारा कळवा.

सहाव्या सत्रात प्रत्येकाने एकच सांगायचं : या दीड महिन्यात वेगळं काय केलं. वर्ग आवडला का, हे विचारायची गरज नाही. गट "आपण असंच चालू ठेवू या" म्हणेल. लगेच हो म्हणू नका. महिनाभर थांबा, मग ज्यांना यायचंय ते नव्याने नाव देतील. त्या महिन्यात गटातला कोण नीट ऐकत होता ते आठवा, आणि पुढच्या फेरीला जोडीचा संयोजक म्हणून त्याला विचारा. छान बोलणाऱ्याला नको.